चौकटीतला हात

'उमाकांत, दुपारी' हा माहितीपट एक तास चौदा मिनिटांचा आहे. कानडी मुलखातल्या राजाजीनगरमधल्या एका जुन्या घरात, लागोपाठ तीन वर्षांच्या डिसेंबर महिन्यांत, तो चित्रित झाला. त्या काळात त्या घरात दोन माणसे राहत होती : उमाकांत सबनीस आणि त्यांची मुलगी यशश्री. माहितीपटात यशश्री एकदाही दिसत नाही.

हे तिला स्वतःला कळले ते अण्णांच्या, म्हणजे उमाकांतांच्या, श्राद्धाच्या दिवशी. पंगती उठल्या होत्या, आणि गुरुप्रसादने, म्हणजे अंबूआत्याच्या मुलाने, मोठ्या उत्साहाने टीव्ही लावला होता. "परदेशात बक्षीस मिळालेला पिक्चर, आपल्याच मामाचा, आणि आपण कुणी बघितलाच नाही! आता घरबसल्या दिसतोय," असे म्हणत त्याने सगळ्यांना सतरंजीवर बसवले. खिडकीजवळच्या अण्णांच्या खुर्चीत ईशान बसला होता, ज्याने तो माहितीपट केला तो त्यांचा मुलगा, यशश्रीचा धाकटा भाऊ. बहिणीने इतक्या वर्षांत कितीदा तरी विचारले होते, "मला कधी दाखवणार?" आणि प्रत्येक वेळी त्याने हक्कांची, करारांची, काहीतरी अडचण सांगितली होती. आज मात्र त्याने गुरुप्रसादला अडवले नाही. तसे त्याला टीव्हीही नीट दिसत नव्हता.

शेवटचे दृश्य लांब होते. टेबल, स्टीलचा पेला, आणि पेल्याला टेकलेला अण्णांचा उजवा हात. हात कापत होता, पेला टेबलावर किणकिणत होता, आणि त्या किणकिणाटाखेरीज त्या घरात जणू दुसरे कोणी, दुसरे काहीच नव्हते... पडदा काळा झाला तेव्हा अंबूआत्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"अय्यो देवा! माझा दादा शेवटी पेल्याशी बोलत बसायचा गं!" तिने पदराने डोळे टिपले आणि मग तो पदर तसाच धरून ती यशश्रीकडे वळली. "यशू, तू कुठं असायचीस गं दुपारची?"

"इथंच, आत्या."

"इथंच म्हणे! मग दिसली नाहीस ती? फॉरेनातला पोरगा येऊन बापाच्या उशाशी बसतो, आणि घरातली लेक..."

"आई, साकू आता, पुरे कर," गुरुप्रसाद ओशाळून म्हणाला.

"का साकू? मी काय खोटं बोलते? दिसलं तेच बोलते!"

यशश्रीच्या हातात ताकाच्या भांड्यांचे तबक होते. तिने भावाकडे पाहिले. एक वाक्य... फक्त एक वाक्य त्याने उच्चारले असते, 'आत्या, अण्णांचं सगळं अक्कानंच केलं,' तर त्या क्षणी तिच्या मस्तकावर कोसळलेले ते आभाळ सावरले असते! पण ईशान मान खाली घालून आपल्या तळव्यांकडे पाहत राहिला. तिने प्रत्येकाला ताक दिले. आत्यालाही दिले. "मीठ स्वल्प कमी पडलंय," आत्या म्हणाली, आणि तिने मीठही आणून दिले.

मंडळी पांगल्यावर तिने एकच शब्द विचारला. "का?"

"कथेची गरज होती, अक्का," तो म्हणाला.

 ज्या उत्तराची तपासणी करता येत नाही त्याला ती उत्तर मानत नसे.

यशश्रीचे शिक्षण पदार्थविज्ञानाचे. शहरातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ती यंत्रांच्या सुट्या भागांची कंपनचाचणी करीत असे : भाग टेबलावर घट्ट बसवायचा, टेबल हलवायचे, आणि कुठल्या हादऱ्याला तो कसा थरथरतो हे मोजायचे. हा स्वभाव तिला अण्णांकडून आला होता. अण्णा एका सरकारी कारखान्याच्या मापनकक्षात होते. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक फरक त्यांच्या बोटांना कळे, आणि कोणी वरिष्ठ 'चालवून घ्या हो' म्हणाला तर ते चष्म्यावरून बघत म्हणत, "रीडिंग आलं ते आलं. त्यात दयामाया घालायची नसते." त्याच अण्णांचा हात एका सकाळी दाढी करताना थरथरला. घरात तो पहिल्यांदा तिनेच पाहिला. त्याच महिन्यात तिला स्वीडनमधल्या एका विद्यापीठाचे बोलावणे आले होते, आणि ईशानला टोरांटोच्या चित्रपटशाळेचे. आई तर केव्हाच गेलेली. घरातून दोघांपैकी एकच जाऊ शकत होता. तिने आपले बोलावणे कोणालाही न सांगता नाकारले, आणि विमानतळावर भावाच्या गळ्यात पडून म्हणाली, "जा रे, मोठा हो... इथलं मी बघते." काही वर्षांनी तिने नोकरीही सोडली. त्यागाचा उच्चार केला की त्याचे मोल उणावते, असे तिला वाटत असे. खरे तर ते तिने कधी तपासून पाहिले नव्हते.

ईशानची वाट सुरू झाली होती ती राजाजीनगरातल्याच एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या दुकानातून. तिथे तो दिवसदिवस बसून अक्षता, जेवणावळी आणि पाठवणी जुळवीत असे. "काय शिकलास?" असे अण्णांनी विचारल्यावर त्याने सांगितले होते, "रुसलेला मामा कापायचा. लग्न आपोआप आनंदाचं होतं." अण्णा खूप हसले होते. टोरांटोत त्याने गोदामात खोकी उचलली. मग तिथल्या पंजाबी कुटुंबांची लग्ने कापली आणि तिथेही रुसलेले मामा निघाले. पुढे कितीतरी वर्षे तो साहाय्यक संकलक होता, म्हणजे दुसऱ्यांनी टिपलेल्या चित्रणाला नावे देऊन ते रांगेत लावणे हे त्याचे काम. बर्फावरचे, माशांवरचे, तेलाच्या नळावरचे माहितीपट त्याच्या हातांखालून गेले. त्याचे आडनाव तिथे कोणालाही उच्चारता आले नाही. शेवटी स्वतःचे काही करायला मदत मिळाली तेव्हा त्याला विचारण्यात आले, 'तुझ्याकडे तुझ्या देशातली कोणती गोष्ट आहे?' त्याच्याकडे एक आजारी बाप होता.

'उमाकांत, दुपारी'ला बक्षीस मिळाले, पण अण्णा त्याच्या आधीच गेले होते. त्यानंतर सगळे त्याच्याकडे तशाच आणखी एका म्हाताऱ्याची मागणी करू लागले. तसा दुसरा म्हातारा त्याच्यापाशी नव्हता. मागणी ओसरली. मग डोळ्यांचा विकार सुरू झाला. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचे दिसे, ज्याच्याकडे पाहायचे ते नेमके दिसेनासे होई. उपाय नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आणि इथल्यांनीही. तो परत आला, इलेक्ट्रॉनिक सिटीत एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून कंपन्यांचे आग विझवण्याच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ जुळवू लागला, आणि एका व्हिडिओत विझवणारा आधी आला आणि आग नंतर लागली तेव्हा तेही काम गेले.

श्राद्धानंतर ती त्या फ्लॅटवर गेली, त्याचे सामान तिने स्वतः बांधले, आणि त्याला राजाजीनगरच्या घरी आणले. "रागावली आहेस ना?" रिक्षात त्याने विचारले.

"हो."

"मग नेतेस कशाला?"

"राग वेगळा, जेवण वेगळं. तिथे तू काय जेवतोस ते बघितलंय मी."

महिनाभर दोघे एका घरात परक्यासारखे वावरले. मग एका सकाळी चहाचा कप चाचपत तो म्हणाला, "अक्का, मला तो पिक्चर पुन्हा जुळवायचाय. तुला आत घेऊन. सगळं मूळ चित्रण माझ्याकडे आहे. पण मला दिसत नाही... तू बघ आणि मला सांग. तू सांगशील ते मी खरं धरीन."

"आधी मला का काढलंस ते सांग."

"सांगितलं तर तू मानायची नाहीस. म्हणशील, समजूत काढतोय. पुराव्याशिवाय तू कधी काही मानलंयस? तू बघ."

तिच्याजवळ आधीच दोन तर्क होते. पहिला असा, की जुन्या गाऊनमधल्या, केस विस्कटलेल्या बहिणीची त्याला लाज वाटली. दुसरा असा, की पैसे देणाऱ्यांना पूर्वेकडचा एकाकी म्हातारा हवा होता. दुसरा तिला अधिक संभवनीय वाटत होता. दोन्हींपैकी कोणताही खरा ठरला तरी आत्याच्या प्रश्नाला लोकांपुढे उत्तर मिळणार होते, आणि ते उत्तर तिला हवे होते... अतिशय हवे होते! अण्णांच्या अखेरच्या वर्षी ते तिला ओळखत नव्हते. तिला ते 'सिस्टर' म्हणत. 'सिस्टर, ईशा आला का?' सात वर्षे ज्या माणसाला तिने घास भरवला त्याच्या मुखातून अखेरीस तिचे नाव एकदाही आले नाही. आपण त्या घरात होतो, याचा साक्षीदार जगात कोणीच उरला नाही, हे दुःख तिने कोणापाशी बोलून दाखवले नव्हते.

संगणक जेवणाच्या टेबलावर मांडला. ती पडद्यासमोर बसली आणि तो तिच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून.

"अण्णा. खिडकीजवळ," ती यंत्रावरचा आकडा वाचावा तशी सांगू लागली. "पांढरा शर्ट. उजवा हात टेबलावर. कंप आहे, बराच. मी दारातून आत येते. हातात औषधाची वाटी. निळा गाऊन... बाई गं, किती अवतार!"

"हात?" ईशानने विचारले.

"हात..." ती थांबली. तिने चित्र मागे नेले आणि पुन्हा पाहिले. "हात थांबला."

"पुढचं लाव."

पुढच्यात ती अण्णांना पेपर वाचून दाखवत होती. त्याच्या पुढच्यात नुसतीच दारात उभी राहून गंगव्वाला, म्हणजे भांड्यांच्या बाईला, काही सांगत होती. ती चौकटीत शिरली की हात मंदावे, आणि मग एखादे यंत्र बंद केल्यावर टेबल स्थिरावते तसा स्थिरावे.

"गोळीचा परिणाम," ती लगेच म्हणाली.

"गोळी पोटात जाऊन अर्धा तास लागायचा. तूच मला सांगितलं होतंस."

"मी हात धरला असेन."

"धरलायस?"

तिने पाहिले. धरला नव्हता. "कोणीही आलं की थांबत असेल," ती म्हणाली, आणि गंगव्वा एकटीच आत आली होती असे चित्रण तिने शोधून काढले. हात कापतच होता. दुसरे शोधले. कापतच होता. शेजारचे गृहस्थ आले, डॉक्टर आले. हात कापतच होता. तिसऱ्या डिसेंबरात अण्णा तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहत होते, 'सिस्टर' म्हणत होते, आणि तरीही तिच्या पावलांची चाहूल लागताच तो हात, तो सगळे विसरलेला वृद्ध हात, शांत होत होता!

आता शंका घ्यायला जागा उरली नाही. ती ताठ बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते पुसावे हेही तिला सुचेना. नाव विसरले होते... ती आहे, हे विसरले नव्हते!

"मला घसरण दाखवायची होती, अक्का," ईशान भिंतीला सांगितल्यासारखे सांगू लागला. "पहिल्या वर्षी थोडा कंप, दुसऱ्या वर्षी जास्त, तिसऱ्या वर्षी त्याहून जास्त. त्यावर सगळा पिक्चर उभा होता. पण तू आलीस की अण्णा बरे व्हायचे! एका दृश्यात बरे, पुढच्यात आजारी... काही केल्या जुळेना. मग मी तुला एका दृश्यातून काढलं. मग दुसऱ्यातून. शेवटी लक्षात आलं की तू कुठेच उरली नाहीस, आणि पिक्चर मात्र उत्तम जमलाय." त्याने तोंड तिच्याकडे वळवले. "रुसलेला मामा कापणारा मी... या वेळी मी आनंदच कापला गं!"

"आधी का नाही बोललास?"

"काय बोलू? जिनं मला पाठवलं, तिलाच पुसून मी मोठा झालो, हे?"

 तिने त्याच्यापुढचा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा करून आणला. त्यात साखर बरोबर होती. महिनाभर ती तिला आठवली नव्हती.

काम पुढे चालले. त्यांची ओळख जणू नव्याने होत होती. ती सांगे, तो नोंद ठेवण्याच्या सवयीने मान हलवी. मग तिला 'निकामी' नावाने ठेवलेला एक मोठा गठ्ठा दिसला.

"ते सोड," तो म्हणाला. "टोरांटोहून फोन आला की मी बाहेर ओट्यावर जायचो. कॅमेरा तसाच चालू राहायचा. परत आल्यावरचं तेवढं मी घेतलं, आधीचं कधी बघितलंही नाही. नुसती रिकामी मिनिटं."

"कोणीच खोलीत नसताना काय होतं, ते बघितल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो," ती म्हणाली, आणि तिने ते उघडले.

चित्रात दुपार होती. अण्णा एकटे होते. हात कापत होता, पण थोडा, आजारापुरता. त्यांनी पेला उचलला, सावकाश तोंडाला लावला, दोन घोट पाणी प्याले आणि खाली ठेवला. एक थेंब सांडला नाही. यशश्री पुढे वाकली. तिने दुसरे उघडले. त्यातही तेच. मग त्या दुसऱ्यात बाहेरून चपलांचा आवाज आला. तो ऐकताच अण्णा दचकून सरळ झाले. त्यांनी शर्टाची कॉलर ओढून नीट केली. डोक्यावरून तळवा फिरवून केस बसवले. उजवा हात डाव्या हाताने धरून टेबलाखाली नेला, काही क्षण दाबून ठेवला, आणि मग, शाळेत फोटो काढताना मूल ठेवते तसा, तो पुन्हा टेबलावर पेल्याशेजारी नीट मांडला. तो स्थिर ठेवण्यासाठी त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. आणि हात कापू लागला. पेला किणकिणू लागला. अण्णांच्या चेहऱ्यावर आलेली ती अगतिकता, ती ओशाळवाणी धडपड... तिला पाहवेना! चौकटीबाहेरून ईशानचा आवाज आला, "अण्णा, तसेच बसा. हलू नका. फार छान दिसतंय."

माहितीपटातले ते शेवटचे दृश्य इथूनच सुरू झाले होते.

"काय आहे?" ईशानने विचारले. "अक्का, गप्प का झालीस? आणि तो आवाज... ते मी म्हटलेलं?"

'काही नाही, रिकामी खोली आहे,' असे उत्तर तिच्या ओठांवर आले. तेवढे म्हटले असते तर त्याच्याजवळ त्याची एकुलती एक कृती तरी शाबूत राहिली असती. डोळे चालले होते, काम गेले होते, जिथे आयुष्य घालवायचे होते ती जागा दूर राहिली होती. तिने पडद्याकडे पाहिले. तिथे चष्म्यावरून बघणारे अण्णा नव्हते, पण 'रीडिंग आलं ते आलं' हे त्यांचे वाक्य होते. शिवाय चपलांचा आवाज आणि स्वतःचा आवाज त्याने ऐकलाच होता. उरलेले त्याने अंधारात कल्पून घेतले असते, आणि ते याहून भयंकर असते.

तिने त्याला सगळे सांगितले. कॉलर, केस, टेबलाखाली दाबलेला हात. काही वगळले नाही आणि काही मृदू केले नाही.

 त्याने पडद्याच्या दिशेने हात पुढे केला, बोटे काचेवर टेकवली, आणि तोंड वळवून, कडेने, जेवढे दिसत होते तेवढे पाहण्याचा प्रयत्न केला. "माझ्यासाठी..." तो पुटपुटला. "माझ्या पिक्चरमध्ये नीट दिसावं म्हणून... आणि मी त्याच हातावर बक्षीस घेतलं!" तो टेबलावर डोके ठेवून हमसाहमशी रडू लागला. तिने त्याला जवळ घेतले, विमानतळावर घेतले होते तसे; पण त्या दिवशी तो निघाला होता, आणि आज त्याला जायला कुठलीच जागा नव्हती.

शांत झाल्यावर तो म्हणाला, "हे लावायचं. सगळं लावायचं. तू, हा हात, माझा आवाज. अंबूआत्याला कळू दे. सगळ्यांना कळू दे!"

"नाही," यशश्री म्हणाली.

"अक्का!"

"अण्णा टेबलाखाली हात लपवत होते. तुझ्यापासून लपवत होते, ईशा. बापानं लपवलेलं आपण हॉलभर लोकांना दाखवायचं? आणि मला आत घेतलं की तो फरक ज्याला त्याला दिसेल. माझ्यासमोर थांबलेला, तुझ्यासमोर कापणारा. दोन्ही शेजारी शेजारी. तसं मला आत यायचं नाही."

"मग आत्या जन्मभर म्हणत राहील, लेक कुठं होती म्हणून."

"म्हणू दे. तिला दिसलं तेवढंच ती म्हणते."

तिने संगणक बंद केला. पुढच्या श्राद्धाला आत्या येईल, तेच विचारेल, आणि आपण तबक घेऊन तसेच उभे राहू, हे तिला स्वच्छ दिसत होते. तोवर ईशानला ते तबकही कदाचित दिसणार नव्हते. प्रयोगशाळेत परत जाण्याचे तिचे वय उलटले होते, आणि त्याच्या हातून आता नवा माहितीपट होणार नव्हता. या सगळ्यात बदल होईल असे मानायला तिच्याजवळ काही आधार नव्हता. फक्त एक गोष्ट निश्चित झाली होती, आणि ती तिने त्या दिवशी, भावाच्या शेजारी बसून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली.

उमाकांत सबनीसांचा हात आजाराने कापत होता. मुलगी खोलीत आली की तो थांबे, कारण तिच्यापासून लपवण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नव्हते. मुलगा आला की तो अधिक कापे, कारण त्याच्यासमोर तो न कापावा म्हणून ते जिवापाड प्रयत्न करीत. माहितीपटाला कापणारा हात हवा होता. म्हणून त्यात यशश्री दिसत नाही.